उसना नातू

सोजराबाई यष्टीत उभी राहिली, असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. गाडी लग्नसराईची असो, बाजाराची असो, की शेगावच्या उत्सवाची असो, सोजराबाईला जागा मिळायचीच, आणि तीही खिडकीजवळची. मेहकरच्या स्टँडावर गाडी वळण घेत असतानाच तिची पिशवी खिडकीतून आत पडलेली असायची. पिशवी पडली की सीट तिची. चुकून कोणी तिथं बसलाच, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. तिचा नवरा गुलाबराव वांग्या-मिरच्यांच्या मळ्यात खाली मान घालून राबणारा माणूस. तो म्हणायचा, "तू यष्टीत चढतं का लढाईले जातं व?" त्यावर ती म्हणायची, "तुमी बसा उभ्यानं!" आणि आपण असं काय बोललो, हे तिचं तिलाही कळायचं नाही.

त्या दिवशी वैशाखाचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. खामगावला भावाच्या पोरीचं लग्न, म्हणून सोजराबाई एकटीच निघाली होती. गाडी लोणारकडून अर्धी भरून आलेली, आणि स्टँडावर ही माणसं! तरी सोजराबाईनं पिशवी टाकली, दारातल्या दोघांना कोपरं मारली, आणि बायकांच्या बाकावर खिडकीपाशी जाऊन बसली. बाकाचं रेक्झिन चुलीवरच्या तव्यागत तापलं होतं. पण बसायला मिळालं होतं ना! मग तक्रार कशाची? तिनं पदरानं तोंड पुसलं आणि खुशीत बाहेर पाहिलं.

तेवढ्यात खिडकीतून एक लेकरू आत आलं.

यात नवल काही नाही बरं का. गर्दीच्या गाडीत लेकुरवाळ्या बाईनं दाराशी रेटारेटी करावी तरी कशी? ती खिडकीशी येते, आत जो कोणी बसला असेल त्याच्या हातात पोर देते आणि पदर खोचून दाराकडं धावते. आत बसलेला माणूस कुठला, कोणाचा, चोर की साव, कोणी विचारत बसत नाही. पोर आत गेलं की पोराची माय कशीही करून आत येतेच. मग ती गर्दीतून हाका मारते, नाहीतर ज्याच्याकडं पोर आहे तो हाका मारतो, आणि लेकरू डोक्यांवरून, हातांहातांतून मायपाशी पोचतं. आमच्याकडं हे असंच चालत आलं होतं.

"धराजी मावशी याले, मी आलीच!" एवढं ऐकू आलं, आणि सोजराबाईचे हात सवयीनं पुढं झाले. हिरव्या बांगड्यांचे दोन हात दिसले, पुढं ओढलेला पदर दिसला, आणि बाई गेलीसुद्धा. सोजराबाईनं पोर मांडीवर घेतलं. पाच-सहा महिन्यांचं असेल. डोक्याला लाल कुंची, गळ्यात काळा दोरा, आणि झोप अशी गाढ की एवढ्या कालव्यात पापणी हलत नव्हती.

दाराशी तर नुसती मारामारी चालली होती. बाया ओरडत होत्या, बाप्ये ओरडत होते, इंद्रभान कंडक्टर सगळ्यांच्या वरताण ओरडत होता, "जागा नाही बाप्पा, मागच्या गाडीनं या!" शेवटी त्यानं दार ओढून घेतलं, दोनदा घंटी दिली, आणि गाडी धुरळा उडवत निघाली.

सोजराबाईच्या खांद्याशी एक म्हातारी उभी होती. वाळून कोळ झालेली, हातात गाठोडं, दुसऱ्या हातानं वरचा दांडा धरलेला, आणि गाडीनं हिसका दिला की ती पार वाकून जायची. तिचं नाव भिमाबाई. सोजराबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि पटकन खिडकीबाहेर नजर वळवली. अशी नजर वळवणं तिला चांगलं जमायचं.

पण मागच्या बाकावर जानराव बसला होता. पांढरं धोतर, काळी टोपी, अडतीचा धंदा, आणि आवाज असा की ड्रायव्हरनंही मागं वळून पाहावं. दुसऱ्यानं काय करावं हे या माणसाला फार लवकर सुचायचं.

"ओ बाई," तो गरजला, "त्या म्हातारीले बसू द्या ना जरा. तुमी तं चांगल्या धडधाकट दिसता."

सोजराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतः पाय पसरून बसलाय, आणि मला सांगतोय! पण आजूबाजूची माणसं तिच्याकडं पाहायला लागली होती. उठावं लागणार असं दिसलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "दिसत नाही काय, मांडीवर लेकरू हाय ते? नातू हाय माया. तापानं फणफणला हाय. त्याले घेऊन उभी राहू काय?"

"हाव का?" जानराव एकदम नरमला. "मंग बसा, बसा."

"राहू दे व बाई, उठू नको," भिमाबाई म्हणाली. "तापाचं लेकरू हाय. मले काय, सवय हाय." आणि खिडकीतून पोराच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून त्या म्हातारीनं गाठोडं पायात ठेवलं, आणि एका हातानं आपला पदर ताणून त्याच्यावर सावली धरली. दुसऱ्या हातानं दांडा धरून ती तशीच हिसके खात उभी राहिली.

सोजराबाईला थोडं लागलं. पण थोडंच. सीट वाचली होती.

मग तिनं मागं वळून पाहिलं. या पोराची माय कुठं असेल? मधल्या वाटेत माणसांची भिंत उभी होती. कोणाची पाठ, कोणाचं पोट, कोणाच्या डोक्यावरची ट्रंक. एरवी तिनं कधीच आरोळी ठोकली असती, "ओऽ लाल कुंचीवाल्याची माय! तुयं लेकरू इकडे हाय वं!" मग एकानं दुसऱ्याला सांगितलं असतं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि मागच्या टोकाहून "हाव, हाव, आली" असा आवाज आला असता. तिनं तोंड उघडलं. आणि उघडलेलं तोंड तसंच मिटलं. कारण आता तो तिचा नातू होता. नातवाच्या मायला अशी हाक कोण मारतं?

'असन मागं कुठीतरी,' तिनं मनाला सांगितलं. 'चेंगरली असन गर्दीत. येईनच.'

गाडी घाट नसलेल्या रस्त्यावरही घाटात असल्यागत डुलत चालली होती. जानरावाला गप्प बसणं कसं ते ठाऊक नव्हतं. त्यानं शेजाऱ्याशी विषय काढला, तो नेमका पोरं पळवणाऱ्यांचा. त्या वर्षी सगळीकडं ही आवई उठली होती. कुठं तरी धरण बांधतात म्हणे, त्याची भिंत उभी राहत नाही म्हणे, म्हणून टोळ्या हिंडतात आणि बळी द्यायला तान्ही पोरं उचलून नेतात. कोणी पाहिलं नव्हतं, पण प्रत्येकाला ठाऊक होतं.

"परवाच्या बाजारात एक बाई सापडली ना," जानराव सांगत होता. "काखेत पोरगं. इचारलं, कोणाचं? तं म्हणते मायंच. नाव इचारलं तं एक डाव एक सांगते, दुसऱ्या डाव दुसरंच. मंग काय! लोकायनं असं झोडपलं तिले, असं झोडपलं, का लुगडं अंगावर राह्यलं नाही."

"मंग? टोळीतली होती काय?" शेजाऱ्यानं विचारलं.

"काय माईत. नंतर म्हणे त्या पोराची आत्याच होती ते. पर आपण सावध राह्यलेलं बरं!"

सोजराबाईनं ते ऐकलं. आत्या! सख्खी आत्या, तरी तिला मारलं! मांडीवरचं पोर तिला एकाएकी जड वाटायला लागलं. तिनं पुन्हा मागं पाहिलं, पुन्हा पाहिलं. हिरव्या बांगड्या पुष्कळ हातांत होत्या, लग्नसराईच होती. पण त्या हातांवरचं एकही तोंड पोर शोधत नव्हतं.

पुढं एका फाट्यावर गाडी थांबली. मधल्या वाटेत उभं असलेलं लग्नाचं अख्खं वऱ्हाड तिथं उतरलं, बाक मात्र भरलेलेच राहिले. ट्रंका गेल्या, माणसांची भिंत गेली, मधली वाट मोकळी झाली, आणि गाडीचं मागचं टोक स्वच्छ दिसलं. तिथं दोन म्हातारे होते. एक बाई होती, ती पोक्त, आपल्या नवऱ्याशी भांडत होती. बाकी सगळे बाप्ये.

पोराची माय गाडीत नव्हतीच.

सोजराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. माय मेहकरलाच राहिली, आणि लेकरू माझ्या मांडीवर! आता? आता सांगून टाकावं? 'अवं, हा माया नातू नाही' असं म्हणावं? कोणत्या तोंडानं? मघा म्हणाली नातू, आता म्हणते नाही. मागं हा जानराव बसलेला, परवाचा मार चघळत. ती गप्प राहिली. आणि खरं सांगायचं ते असंच असतं, पहिल्या दमात निघालं तर निघालं. थांबलं की घशात हाडूक होऊन बसतं.

गर्दी कमी झाली तसा इंद्रभान कंडक्टर पेटी सांभाळत पुढं आला. त्याला लांबून येताना पाहूनच सोजराबाईचं धाबं दणाणलं. तो तिला ओळखत होता. तिचा पोरगा उद्धव कॉलेजात शिकायला याच गाडीनं जायचा, आणि त्याचं लग्न झालेलं नाही हे इंद्रभानाला ठाऊक होतं.

"काय सोजराबाई," तो हसत म्हणाला, "आज लेकरू कोणाचं घेतलं?"

"भावाचा नातू हाय," ती घाईनं म्हणाली. आवाज चिरकला.

मागून जानरावाचं तोंड पुढं आलं. "मघा तं म्हणल्या, माया नातू."

"भावाचा नातू म्हणजे मायाच नाही काय?"

"ते खरं हाय म्हणा. माय कुठाय याची?"

"खामगावले."

"खामगावले?" जानरावानं टोपी मागं सरकवली. "एवढंसं तान्हं लेकरू इकडे, अन् माय तिकडे? काऊन?"

आणि नेमकं त्याच वेळी पोर जागं झालं. त्यानं डोळे उघडले, सोजराबाईचं तोंड पाहिलं, आणि असा टाहो फोडला की सगळी गाडी वळून पाहायला लागली. तिनं मांडी हलवली, चुटक्या वाजवल्या, "अले अले" केलं. पोर निळं पडेस्तोवर रडत होतं. परकं माणूस लेकरांना कळतं हो, त्यांना फसवता येत नाही.

"भूक लागली असन," भिमाबाई म्हणाली. तिनं पोराच्या कपाळावर हात ठेवला आणि तिचा सुरकुतलेला चेहरा खुलला. "अवं माय, ताप उतरला वाटते याचा! पाह्य, कसं गार हाय कपाळ. बरं झालं बाई."

म्हातारीनं ते मनापासून म्हटलं. पण ते जानरावानंही ऐकलं. आजवर न थांबलेला तो माणूस गप्प बसला, आणि सोजराबाईच्या मानेवर त्याची नजर टोचत राहिली. त्यानं शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. शेजाऱ्यानं मान उंच करून पाहिलं. मग त्याच्या पलीकडच्यानं पाहिलं. सोजराबाईला आपलं लुगडं दिसायला लागलं, रस्त्यावर फाटून पडलेलं.

जानेफळला गाडी चहापाण्याला थांबली. तोवर तिनं मनात ठरवलं होतं. काय ठरवलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. भ्यालेलं माणूस काय करेल, याचा नेम नसतो.

"धरा आजी याले जरा," ती भिमाबाईला म्हणाली आणि उठली. "बसा तुमी इथं. मी पाणी घेऊन येते याच्यासाठी."

भिमाबाई हरखली. कधीची उभी होती बिचारी. ती टेकली, पोराला उराशी घेतलं, बोट चोखायला दिलं. सोजराबाईनं पायाखालची पिशवी उचलली आणि खाली उतरली. पाणी आणायला पिशवी कशाला लागते? पण कोणी विचारलं नाही. जानराव चहाच्या बाकड्यापाशी चूळ भरत होता.

ती हॉटेलाच्या बाजूनं गेली, मागच्या भिंतीला वळसा घातला. तिथून एक वाट गावात जात होती. गावातून उलट दिशेची गाडी धरायची आणि मेहकर गाठायचं. तिथं कोणाला तरी सांगायचं, की बाप्पा, लेकरू खामगावच्या गाडीत आहे. नाहीतर सांगायचंच नाही. लेकराला काय होणार होतं? म्हातारी भली होती. कोणीतरी सांभाळेलच. तिचे पाय भराभर चालत होते.

भिंतीच्या कोपऱ्यावर तिनं एकदाच मागं पाहिलं. गाडीची खिडकी तिथून दिसत होती. भिमाबाई पोराला झुलवत होती. आणि खिडकीखाली जानराव येऊन उभा राहिला होता.

"म्हातारे," त्याचा आवाज तिथवर आला, "ते बाई कुठी गेली?"

"पाणी आणाले गेली ना."

"पिशवी घेऊन?"

"मले काय माईत बाबा. येईन आता."

"तू तिच्याच सोबतची दिसतं! गाव कोणतं तुयं? खरं सांग, कोणाचं पोर हाय हे?"

"त्या बाईचा नातू हाय," भिमाबाई हसत म्हणाली. तिला काही कळलंच नव्हतं. "गोड हाय नाई?"

चहा पिणारे दोघं-तिघं कप ठेवून उठले. मग आणखी दोघं. खिडकीखाली घोळका झाला. कोणीतरी म्हणालं, "उतरवा तिले खाली." भिमाबाई एकेकाच्या तोंडाकडं पाहायला लागली, आणि पोराभोवतीचा तिचा हात घट्ट झाला.

सोजराबाईला ते सगळं दिसलं. 'आता तिले मारतीन,' तिच्या मनात आलं. 'मायं लफडं, अन् मार ते म्हातारी खाईन.' भीती गेली, असं नाही. भीती उलट दुप्पट झाली. पण पाय वळले. ती परत निघाली, आधी चालत आणि मग धावत.

तिनं घोळक्यातून वाट काढली, गाडीची पायरी चढली, आणि दारात उभी राहून ओरडली, "तिले काई इचारू नका! तिचा काई संबंध नाही. लेकरू माया नातू नाही. मेहकरले एका बाईनं खिडकीतून माया हातात देलं, अन् ते बाई गाडीत चढलीच नाही."

मग एकच गलका उठला.

"मंग मघा खोटं काऊन बोलल्या?" जानराव कडाडला.

"सीटसाठी."

"काय?"

"सीटसाठी!" तिला रडू फुटलं. "उठा लागू नये म्हणून बोल्ली. मंग मांगं फिराची हिंमत झाली नाही."

मागं कोणीतरी खुदकन हसलं. पण तो हसू यायचा प्रसंग नव्हता. "सीटसाठी कोणी परक्याचं लेकरू आपलं म्हणते काय?" "खोटं बोलून राह्यली!" "टोळीतलीच हाय, पाहा तिची पिशवी!" कोणीतरी पिशवी हिसकली, तिच्यातलं लग्नाचं लुगडं आणि लाडवांचा डबा पायरीवर पडला. कोणाच्या तरी हातात तिचा अंबाडा आला. मान मागं ओढली गेली. तिनं डोळे मिटले.

"हात नाई लावाचा!" आवाज भिमाबाईचा होता. ती पोराला घेऊन दारापर्यंत आली होती आणि मध्ये घुसली होती. त्या वाळक्या म्हातारीला ढकलायला कोणाचा हात धजला नाही. "मारान तं मंग माराजो. पहिले तिले बसू तं द्या! पाय पाहा तिचे, कसे लटलट कापून राह्यले."

"मी बसत नाही आजी," सोजराबाई कशीबशी म्हणाली.

तोवर इंद्रभान धावत आला होता. त्यानं अंबाड्यावरचा हात सोडवला. "माया गाडीत कोणाले हात लावाचा नाही," तो म्हणाला. "चूक मायी बी हाय. मेहकरले दारात एक बाई आरडून राह्यली होती. मले वाटलं, जागेसाठीच आरडते. मी दार लावलं अन् घंटी देली. तेच असन."

"असन!" जानराव म्हणाला. "अन् नसन तं? अशी कोणी बाई आलीच नाही तं? पोलिसात द्या हिले."

"देऊ ना. पर गाडी इथून हलत नाही. ते माय ज्या वाहनानं येईन त्यानं येईन. तवलोक थांबू."

कोणाला खामगावच्या कोर्टात तारीख होती, कोणाला शेगावहून आगगाडी धरायची होती. पण थांबू नका असं एकजणही म्हणाला नाही. लोक खाली उतरले, रस्त्याच्या कडेला मेहकरच्या दिशेनं तोंड करून उभे राहिले. हॉटेलवाल्यानं दूध-पाणी कोमट करून दिलं. भिमाबाईनं पदराच्या टोकाचा बोळा करून ते थेंब थेंब पोराच्या तोंडात सोडलं. जानराव मात्र सोजराबाईच्या शेजारी उभा होता, पळून जाऊ नये म्हणून.

सोजराबाई उन्हातच उभी राहिली. रस्ता दूरवर रिकामा होता. एक बैलगाडी आली आणि गेली. एक सायकलवाला आला, त्याला सगळ्यांनी एकदम विचारलं, तो भांबावून नुसता मान हलवत निघून गेला. ती बाई आलीच नाही तर? रडत बसली असेल स्टँडावर, नाहीतर भलत्याच गाडीत बसून भलतीकडं गेली असेल. मग कोण सांगणार की लेकरू हिनं पळवलं नाही? आणि गुलाबरावाला काय सांगायचं, उद्धवला काय तोंड दाखवायचं! तिचं तोंड कोरडं पडलं होतं. समोरच पाण्याचा माठ होता. पण पाणी मागायचाही तिला धीर झाला नाही.

मग धुरळा दिसला. सरकीची पोती भरलेला एक ट्रक येत होता. तो नीट थांबायच्या आतच त्यातून एक बाई उडी मारून खाली आली. केस सुटलेले, एका पायात चप्पल नाही, रडून रडून तोंड सुजलेलं. तिनं कोणाला काही विचारलं नाही. लाल कुंची दिसली, तिकडं ती धावली, आणि भिमाबाईच्या हातातून पोर ओढून घेऊन मटकन मातीत बसली. ती त्याला हुंगत होती, चाचपत होती, आणि "माया राजा, माया राजा" एवढंच म्हणत होती. भोवतीच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

ती जरा शांत झाली तेव्हा जानराव पुढं झाला. सोजराबाईला त्यानं दंडाला धरून समोर आणलं. "हे पाह्य पोरी, नाव काय तुयं?"

"सुभद्रा."

"नीट पाहून सांग सुभद्रे. तू लेकरू हिच्याच हातात देलं होतं काय? का हिनं उचललं?"

या पोरीनं सोजराबाईचं तोंड पाहिलंच नव्हतं. तिनं तरी हिचं कुठं पाहिलं होतं? पदर आणि बांगड्या, बस. आता ही नाही म्हणाली की संपलं.

सुभद्रानं मान वर केली. "मले माईत नाही जी," ती म्हणाली. "म्या तोंड नाही पाह्यलं."

"पाह्यलं नाही? मंग देलं कसं?"

"खिडकीतून हात पुढं आले, म्हणून देलं." तिला हा प्रश्नच कळला नव्हता. "यष्टीत अजून काय पाह्यते माणूस? देलं होतं, अन् भेटलं. मले अजून काय पाह्यजे?"

जानरावाचा हात सोजराबाईच्या दंडावरून आपोआप सुटला. त्यानं टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली, आणि तो गाडीकडं चालू लागला. घोळका पांगला. कोणीतरी पायरीवरचं लुगडं उचलून, धूळ झटकून तिच्या पिशवीत ठेवलं. इंद्रभान म्हणाला, "चला बाप्पा, बसा गाडीत." सगळं मिटलं होतं. सोजराबाईनं एक शब्दही बोलायची गरज नव्हती. भिंतीमागची वाट कोणालाच ठाऊक नव्हती.

पण तिला राहवेना. "पोरी," ती म्हणाली, "हात मायेच होते. पर मी त्याले सोडून पयून चालली होती. त्या भिंतीच्या मांगून. भेव वाटलं मले, म्हणून."

सुभद्रानं पोराला छातीशी ओढून घेतलं, इतकं घट्ट की ते कुरकुरलं. आणि तिनं पहिल्यांदा सोजराबाईच्या तोंडाकडं पाहिलं. खूप वेळ पाहत राहिली. सोजराबाईला वाटलं, मघा मार बसला असता तर तो यापेक्षा बरा.

"पर गेल्या नाही ना?" सुभद्रा म्हणाली.

सोजराबाईनं तोंडात पदर कोंबला आणि मान हलवली. नाही, गेली नव्हती.